बायजामायचा शेरा

बायजामाय गावात कोणालाही 'अहो' म्हणत नसे. शाळेचे हेडमास्तर असोत, पोलीस पाटील असो, सगळ्यांना 'काय रे'. ज्यांना आपण उलटं धरून पाठीत चापट्या मारल्या त्यांना मान कसला द्यायचा, असं तिचं म्हणणं. निम्मं गाव तिच्या हातून जगात आलेलं, त्यामुळे निम्म्या गावाला हे निमूट ऐकावं लागे. उरलेलं निम्मं तिच्या तोंडाला भिऊन ऐकून घेई. दवाखान्याच्या कमिटीचे चेअरमन नानासाहेब यांना मात्र तिनं काढलेलं नव्हतं, त्यांचे तीन मुलगे काढले होते. पण तेवढ्यावरून ती बापालाही त्याच पंगतीत बसवी.

गावाचं नाव मी सांगणार नाही. म्हसावदच्या पुढे, सातपुडा अगदी अंगावर येतो तिथलं, एवढं पुरे. ज्यांच्याविषयी बोलायचंय त्यांचे नातू अजून तिथे नांदताहेत आणि त्यांतले दोघे वकील आहेत.

मी तिथे पोचले ती माझ्या अर्जातल्या एका वाक्यामुळे. पुण्याच्या एका इस्पितळात तीन वर्षं राबून मी नर्सिंगची परीक्षा पास झाले, तेव्हा वाटलं होतं, आता नोकऱ्या दारात येऊन हाका मारतील. कसलं काय! जिथे अर्ज करावा तिथे विचारत, अनुभव किती? तो मिळवण्यासाठीच तर नोकरी मागत होते, पण हे कोणाला सांगायचं? तिकडे साताऱ्याला दादानं स्थळ बघून ठेवलं होतं. वाईचे विधुर, चार मुलं, शिवाय दमा. मी म्हटलं, दम्याच्या रोग्याची शुश्रूषाच करायची तर पगार घेऊन करीन. दादा दोन दिवस जेवला नाही. शेवटी तह झाला: दिवाळीच्या आत कायमची नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं. मग मी प्रत्येक अर्जात 'कोठेही जाण्याची तयारी आहे' असं लिहू लागले. हे वाक्य जपून लिहावं. लोक ते खरं धरतात.

ऐन आषाढात नंदुरबारच्या स्टेशनावर उतरले. टांगा, मग प्रकाशाला तापी होडीनं, मग चिखलातनं दोन दिवस बैलगाडी. ट्रंकेत पांढरी लुगडी, थर्मामीटर आणि सर्टिफिकेट. सर्टिफिकेट मी तेलकागदात गुंडाळलं होतं, थर्मामीटर नुसतं. त्यामुळे सर्टिफिकेट पोचलं आणि थर्मामीटर फुटलं.

मुलाखत दवाखान्याच्या ओसरीवर झाली. कमिटीचे पाच सभासद बाकावर आणि नानासाहेब खुर्चीत. नानासाहेबांना सरकारकडून 'रावसाहेब' व्हायचं होतं. किताब अजून आला नव्हता, पण फेटा आणि चेहरा त्यांनी आधीच तयार करून ठेवला होता. धुळ्याहून सिव्हिल सर्जनसाहेब पाहणीला आले असताना म्हणून गेले होते की इथे पास झालेली नर्स पाहिजे. तेव्हापासून नानासाहेबांना नर्सची ओढ लागलेली. त्यांनी मला चार प्रश्न विचारले. वडील काय करत? स्वयंपाक स्वतःचा स्वतः करणार ना? चपला कुठे काढणार? आणि भुताची भीती वाटते का? राहायची खोली वडाखाली होती, म्हणून शेवटचा. नर्सिंगचा एक शब्द कोणी काढला नाही.

तो काढला दारात उकिडवं बसलेल्या एका काळ्यासावळ्या, मिशरीनं दात काळे केलेल्या म्हातारीनं. "नखं दाखाड," ती म्हणाली. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं एकेक नख उलटंसुलटं पाहिलं, बाजारात भेंडी बघतात तसं, आणि म्हणाली, "बरी शे." म्हणजे बरी आहे. झाली मुलाखत.

हीच बायजामाय. दवाखान्याच्या दफ्तरी तिचा हुद्दा 'दाई' असा होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी शहाद्याहून यायचे, तेही रस्ता असेल तर. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे बायजामाय. मला तीन महिन्यांच्या कच्च्या बोलीवर घेतलं आणि तिच्या हाताखाली दिलं. तीन महिन्यांनी बायजामाय काय शेरा देते ते बघून कायम करायचं की परत पाठवायचं ते ठरणार होतं. बायकांचं काम बायकांनाच कळणार, असं नानासाहेब म्हणाले. त्यांना ते काम बघावं लागू नये, एवढाच त्यातला अर्थ.

तिला अक्षरओळख नव्हती. पण माझ्या सर्टिफिकेटवर तिचा फार जीव. दर बाजारी ती औषधाला आलेल्या बायकांना गोळा करी आणि मला ते मोठ्यानं वाचायला लावी. इंग्रजी कोणालाही कळायचं नाही. वाचून झालं की ती मान डोलवून म्हणे, "आयकं ना? आते खोकलानं औषध ल्या." आणि मी कुठे अडखळले, पाच मिनिटं विचार करत बसले, की लगेच तिचा टोमणा तयार: "कागद काय म्हनस?" तीन महिन्यांत हा प्रश्न मी तीनशे वेळा ऐकला असेन.

पाणी मात्र ती असं उकळायची की पुण्याच्या आमच्या मेट्रननं येऊन शिकावं. जंतू वगैरे तिला मान्य नव्हते. "दिसत नही त्याले मी कशाले भिऊ?" पण पाण्याला राग आला पाहिजे, असं ती म्हणे. पाणी खदखदून, उसळून, झाकण उडवायला लागलं की त्याला राग आला. "राग उना बिगर हात बुडाडू नको." मी तिला एकदा जंतूंचं चित्र दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ह्याच्यात नर कोणता आणि मादी कोणती? पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. मग तिनं पुस्तक मिटलं.

भाद्रपदात माझी जी शोभा झाली ती सांगायलाच हवी, कारण ती पुढे वर्षभर गावानं सांगितली. तिकडच्या बायकांची एक पक्की समजूत होती: बाईला कळा लागल्यात हे जितक्या जणांना कळेल तितक्या कळा लांबतात. त्यामुळे दाईला बोलवायला येणारा माणूस खरं कारण कधी सांगत नसे. काहीतरी दुसरंच काम पुढे करी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी बायजामाय दुसऱ्या घरी गेलेली, मी एकटी. धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला एक बाप्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, आमनी मायनी तुमले शेवाया कराले बलायेल शे. आतेच चाला."

माझं टाळकंच फिरलं. तीन वर्षं रात्रंदिवस राबून मी काय शेवया वळायला आले होते? मी त्याला नर्सच्या धंद्याची प्रतिष्ठा या विषयावर चांगलं पंधरा मिनिटं सुनावलं. बिचारा कावराबावरा होऊन ऐकत होता, मधूनमधून "हा बाई, पन शेवाया..." म्हणत होता. शेवटी गेला. बायजामाय परत आली तेव्हा मी तिला हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि धावत सुटली. मीही मागनं. पोचलो तोवर बाळ झालं होतं, आजीच्या ओच्यात. देवाची कृपा म्हणून दोघं ठीक. परतताना ती दवाखान्याच्या पायरीशी थांबून एवढंच म्हणाली, "भादवामा कोन शेवाया करस वं, गधडी? वाळाडशी कोठे?" आणि मग हसायला लागली ती डोळ्यांतनं पाणी येईतो. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. बाळ गेलं असतं तर मी कुठल्या तोंडानं जगले असते?

दुसऱ्या एका खेपेला डोंगरातली एक पावरा जमातीची बाई लाकडाची मोळी विकायला बाजारात आली आणि दवाखान्याच्या मागच्या चिंचेखाली बाळंत झाली. बायजामाय तिच्याशी मोडक्यातोडक्या पावरीत बोलत होती, मी पुस्तकाप्रमाणे. पुस्तक म्हणत होतं, दहा दिवस अंथरुणातून उठू देऊ नये. मी आत खाट घालायला गेले. चादर ओढून, उशी ठेवून बाहेर येते तो चिंचेखाली कोणी नाही. "कुठे गेली?" "घर." "किती लांब?" बायजामायनं डोंगराकडे हनुवटी केली. दोन डोंगर ओलांडून. मी ओरडले, तुम्ही तिला जाऊ कसं दिलं? ती शांतपणे म्हणाली, घरी तिची दोन लेकरं उपाशी आहेत, त्यांना तुझी खाट पुरणार आहे का? मग मला दिसलं की बायजामायच्या अंगावर लुगडं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं बाळ गुंडाळायला गेलं होतं. कमिटीनं दिलेलं ते नवं लुगडं तिनं पहिल्याच दिवशी फाडलं, यावर कमिटीत पाऊण तास चर्चा झाली.

आता माझ्या लाजेची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात नानासाहेबांनी मला बोलावून दार लोटून घेतलं होतं. म्हणाले, "नर्सबाई, हे तुमच्या-माझ्यात. दवाखान्यात दोन बायका ठेवायची ऐपत नाही. तुम्ही पक्क्या झालात की म्हातारीला निरोप. पण तिला आत्ताच कळलं तर ती तुमच्याविषयी वाईट सांगेल आणि तुमचंच नुकसान होईल. तेव्हा गप्प बसा." मी गप्प बसले. वाईचा दमा डोळ्यांसमोर होता. रोज सकाळी बायजामाय माझ्यासाठी घरून भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधून आणायची, कारण मला चूल नीट पेटवता येत नसे. मी तो ठेचा खायची आणि गप्प बसायची. मनातल्या मनात म्हणायची, मी कुठे खोटं बोलतेय? कोणी विचारलंच नाही. स्वतःला फसवायला फार शिक्षण लागत नाही. मला तर सर्टिफिकेट होतं.

तीन महिने संपले. कमिटीनं शेरा लेखी मागितला. लेखी म्हटल्यावर बायजामायनं सरळ मलाच पाटासमोर बसवलं. "लिख." म्हणजे माझाच शेरा मीच लिहायचा! मी हळूच म्हटलं, शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेऊ या. "त्याले काय कयस? तू लिख. जसं सांगस तसं लिख. तुन्हं पुनं मधमा घालू नको."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजत एकेक वाक्य सांगितलं, आणि मी ते सरकारी मराठीत उतरवलं. हिचे हात थंड असतात, बाईला लावण्याआधी शेकत नाही. पुस्तक फार वाचते. घाबरते, पण पळून जात नाही. पाणी चांगलं उकळते. अडलेल्या बाईवर ओरडत नाही. प्रत्येक वाक्य ती परत वाचून घेई आणि एक पेर पुढे सरके. मला वाटलं, चला, निभावलं.

"आनि लिख," ती म्हणाली, "मन्ही नोकरी जाई ऱ्हायनी हाई हिले पहिलाच आठवडापासून ठाऊक व्हतं. तीन महिना मन्ही भाकर खादी, पन सांगं नही."

टाक माझ्या हातातच राहिला. तिच्याकडे बघायची छाती होईना.

"माय, तुम्हाला कोणी..."

"नानानी बायकोनी. त्याच दिन." तिनं मिशरीचं बोट दातांवर फिरवलं. "लिख."

मी रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले, पाया पडले, वाईच्या विधुराचं सगळं सांगितलं, दम्यासकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिखी व्हयनं का?" मी लिहिलं. "आते शेवटलं. हिले ठेवा." आणि अंगठा शाईत बुडवून तिनं कागदावर असा दाबला की शाई पाठीमागे उमटली.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. नानासाहेबांनी चष्मा विसरल्याचं सांगितलं आणि कागद माझ्याकडे दिला. वाचा तुम्हीच. बायजामाय नेहमीसारखी दारात उकिडवी. मी वाचायला लागले. थंड हात. पुस्तक. पळून जात नाही. पाणी. ओरडत नाही. आणि पुढच्या वाक्याशी माझी जीभ अडली. तिला वाचता येत नाही. कमिटीतलं कोणी कागद बघणार नाही. मी एक श्वास घेतला आणि वाचलं, "हिला ठेवावं." कागद खाली ठेवला.

"सहाच व्हयनात वं," दारातनं आवाज आला. "मी सात सांगेल शेत."

बायजामाय माझ्याकडे नाही, आपल्या बोटांकडे बघत होती. सभासद एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतले हेडमास्तर म्हणाले, "नर्सबाई, राहिलंय का काही?" मेले हे हेडमास्तर! एरवी ठरावावर सही करताना डुलक्या काढायचे. मी कागद उचलला. राहिलेलं वाक्य मी वाचलं, आणि वाचलंच आहे तर पुढचंही सांगितलं: हे मला नानासाहेबांनी सांगितलं होतं, गप्प राहायलाही त्यांनीच सांगितलं होतं, आणि गप्प मी माझ्या मतलबासाठी राहिले.

नानासाहेबांचा फेटा तेवढा रावसाहेब राहिला, खालचा माणूस पार उतरला. त्यांनी खाकरून सांगितलं की बायजाबाईंना काढण्याचा विचार कमिटीच्या स्वप्नातही नाही. उलट त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल त्यांचा जाहीर सत्कार करून त्यांना विश्रांती देण्याचा विचार आहे. पाचही सभासदांनी लगेच माना डोलावल्या. काढणं वाईट दिसतं. हार घालून निरोप देणं किती छान दिसतं! मला कायम केलं, कारण धुळ्याला तसं कळवायचं होतं. माझ्या लबाडीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. लबाडीचं त्या कमिटीला वावडं नव्हतं. दादाला मी नोकरी पक्की झाल्याचं पत्र टाकलं आणि ते टाकताना आनंद झाला, हेही सांगून टाकते.

सत्कार पुढच्या बाजारच्या दिवशी दुपारी झाला. बायजामायला खुर्चीत बसवलं होतं. जन्मात ती खुर्चीत बसलेली नव्हती. दोन्ही पाय वर घेऊन बसली. झेंडूचा हार, नारळ, शाल. तिच्या शेजारी नानासाहेब, त्यांच्या शेजारी मी. आठवडाभर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. भाकर येणंही बंद झालं होतं. नानासाहेबांनी भाषणाची चार पानं काढली. पहिल्या पानात त्यांचं स्वतःचं कार्य होतं. दुसऱ्या पानात बायजामाय नुकतीच डोकवायला लागली होती, तेवढ्यात गर्दीच्या मागे एक म्हातारी उभी राहिली आणि कारण न सांगता नुसती बायजामायकडे बघत राहिली.

बायजामाय उठली. हार, शाल तशीच. नानासाहेब 'ज्या माउलीने' म्हणत होते आणि माउली पायऱ्या उतरून चालायला लागली होती. चार पावलांवर ती थांबली, मागे वळली.

"काय बठी ऱ्हायनी? ऊठ."

ते मला होतं. मी उठले. नानासाहेबांना तिथेच, तिसऱ्या पानाशी सोडून मी तिच्यामागे धावले.

घर जवळच होतं. पहिलटकरीण, सोळा-सतरा वर्षांची, भ्यालेली. मी चुलीवरचं पाणी खदखदवलं, हात धुतले, ते शेगडीवर शेकून घेतले. बोलवायला आलेली म्हातारी तिची सासू; तिनं बायजामायचे पाय धरले, "माय, तू हात लाव ना वं."

"मन्ही नोकरी गयी," बायजामाय म्हणाली. "हिले सांग."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी कामाला लागले. अवघड होतं, बाळाचा खांदा अडला होता, आणि मी कितीदा तरी वर बघितलं, ती काही सांगेल म्हणून. अखेर खांदा सुटला, मुलगी झाली आणि रडली. "माय, मुलगी," मी म्हटलं आणि तिच्याकडे पाहिलं. बायजामाय भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात झेंडूचा हार तसाच, कपाळावर घाम. दोन्ही हात तिनं पदराखाली एकमेकांत गच्च धरून ठेवले होते. सोडले असते तर ते पुढे आले असते.